तिघांत एक मोतीबिंदू

या लेखात मी कोणाचेही नाव घेणार नाही. त्यामागे थोडे सौजन्य आहे आणि बरीचशी भीती आहे. नावांशी माझा एकदा फार जवळून संबंध आला आणि त्यातून एका सरळ घरातले ठरलेले लग्न मोडता मोडता राहिले. तेव्हापासून कोणाचे नाव उच्चारण्यापूर्वी मी आजूबाजूला पाहून घेतो.

मी संगणकाचा माणूस. उमेदीची वर्षे मी कुरकुंभच्या एका कारखान्यात स्टोअरमधल्या मालाचा साठा संगणकावर सांभाळण्यात घालवली. पन्नाशी ओलांडल्यावर ती नोकरी सोडली आणि दौंडच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात अर्ध्या पगारावर रुजू झालो. सेवेची ओढ होती, हे खरे. कारखान्यात माझ्या हाताखाली कोणी उरले नव्हते, हेही खरे. दवाखान्याची एक शाखा शिरूरला होती. दोन्हीकडचे रुग्ण दोन वेगवेगळ्या संगणकांत होते आणि ते एकत्र करायचे, हे माझे पहिले काम ठरले.

काम दिसते तितके सोपे नव्हते. एकाच माणसाने शिरूरला डोळे तपासलेले, दौंडला चष्मा घेतलेला आणि मध्येच गावच्या शिबिरात औषधाचे थेंब टाकून घेतलेले. प्रत्येक ठिकाणी नाव टिपणारे वेगळे, ऐकणारा कान वेगळा. शिरूरवाले आडनाव आधी लिहीत, दौंडवाले शेवटी. कोणी वडिलांचे नाव पूर्ण लिही, कोणी एका अक्षरावर भागवी. म्हणून मी मिळतीजुळती नावे शोधणारा एक प्रोग्रॅम लिहिला. दोन नावे शेजारी ठेवायची, एकाचे दुसरे होण्यासाठी किती अक्षरे बदलावी लागतात ते मोजायचे. अंतर थोडे असेल तर माणूस एकच समजायचा. शब्दांच्या क्रमाकडे मी मुद्दाम दुर्लक्ष करायला शिकवले, कारण दोन्ही शाखांचा क्रम उलटसुलट होता. वयाला फारसे महत्त्व दिले नाही, कारण शिबिरात वय विचारले की उत्तर येई, “असंल की साठ-सत्तर.” गाव आणि मोबाइल नंबर जुळला, तर मग शंकेला जागाच नाही, असे माझे मत होते. आणि सर्वांत ताजी नोंद जी असेल तिच्यातले वय खरे धरावे, असाही एक नियम मी घातला. प्रत्येक नियम एकेकटा पाहिला तर आजही मला शहाणपणाचाच वाटतो.

प्रोग्रॅम चालवला आणि रुग्णांची संख्या झपाझप घटली. जेवढे रुग्ण कमी झाले तेवढे माझे कर्तृत्व, असा हिशेब मी मनाशी मांडत होतो. खिडकीवर केसपेपर काढणाऱ्या ताईंना मी तो अभिमानाने दाखवला. त्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “सर, माणसं बरी करून कमी करायची असतात ना?”

मी हसलो. विनोद कळला म्हणून हसलो नव्हतो. बाईंना संगणकातले काय कळणार, असे ते हसू होते.

पुढे जे झाले ते वडगाव रासाईच्या एका घरामुळे झाले. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोनच नावे चालत आलेली होती. आजोबांचे नाव नातवाला द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज. पण बहुतेक घरांत कोठेतरी एखादी हौशी आत्या मध्ये पडते आणि साखळी तुटते. या घरात आत्या कोणी हौशी निघाली नाही. कालव्याच्या आवर्तनासारखी पाळी ठरलेली होती: एका पिढीला हे नाव, पुढच्या पिढीला ते, मग पुन्हा हे. त्यामुळे आबांचे आणि त्यांच्या नातवाचे नाव, वडिलांच्या नावासह, अक्षरशः एकच होते. आणि मधल्या आप्पांचे नाव म्हणजे तेच दोन शब्द उलटे केलेले. तिघांचा पत्ता एक. तिघांचा मिळून दवाखान्यात दिलेला मोबाइल नंबरही एकच, आणि तो नातवाचा, कारण घरात चार्जिंग टिकवून ठेवणारा तोच एक होता.

घरात मात्र या सारखेपणाचा कोणालाही त्रास नव्हता. सासऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नाही, म्हणून मुलाची आई त्याला जन्मापासून दादा म्हणे. आणि मग सारे गावच त्याला दादा म्हणू लागले. आजोबा म्हणजे आबा, वडील म्हणजे आप्पा. कागदावरची नावे उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपलांसारखी बाहेरच्या बाहेर राहत. ती आत येऊन कोणाच्या पायात अडकली नव्हती. मी येईपर्यंत.

माझ्या प्रोग्रॅमने या तिघांचा एक रुग्ण केला. त्या रुग्णाला वाचायचा चष्मा होता, तो आप्पांचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो आबांचा. आणि वय चोवीस होते. कारण सर्वांत ताजी नोंद नातवाची होती. ट्रॅक्टरच्या लायसन्ससाठी त्याने डोळे तपासून घेतले होते. गळीत हंगामात तो पाटसच्या कारखान्याला ऊस वाहत असे.

आमच्या डॉक्टरबाईंनी एकदा तो कागद हातात घेऊन मला विचारलेही होते, “हा पेशंट दर तपासणीला तरुण होत चाललाय. कोणतं औषध चालू आहे याला?” मी म्हणालो, “टायपिंगची चूक असेल, मॅडम. बाकी सगळं ताडून पाहिलेलं आहे.” टायपिंग बिचाऱ्या ताई करत. माझी चूक त्यांच्या पदरात टाकताना माझा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, हे मला आता जास्त बोचते.

त्याच सुमारास नातवाचे लग्न ठरले. मुलगी भांडगावची, घरची शेवंतीची शेती, स्वतः बारावीनंतर नर्सरीत रोपांचे कलम करायला शिकलेली. सुपारी फुटली. मुलीकडची मंडळी वडगावला जेवायला आली होती. जेवणे झाल्यावर मुलीच्या मामांनी जावयाचा मोबाइल हातात घेतला आणि नव्या ट्रॅक्टरचे फोटो पाहू लागले. या मामांचे हायवेला टायरचे दुकान. ट्रॅक्टर हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. नेमक्या त्याच वेळी माझ्या संगणकाने, मी शिकवल्याप्रमाणे, आपण होऊन एक संदेश पाठवला. तो मामांनी, जमलेल्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. आधी नातवाचे संपूर्ण नाव, मग “वय चोवीस”, मग “आपल्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू पिकला असून शस्त्रक्रियेसाठी यावे. कवळी घरी ठेवून यावी. सोबत एक जबाबदार व्यक्ती आणावी.”

नातवाने सांगितले, हे आबांचे आहे. आबांनी सांगितले, हे माझेच आहे. पण मामांनी वयावर बोट ठेवले. “आबा, तुमी चोवीसचं हाय व्हय?” आबांना ऐकायला जरा कमी येई. त्यांनी मान डोलावली.

मामा सावध माणूस. त्यांनी भांडण केले नाही, दुसऱ्या दिवशी संदेशातल्या नंबरवर फोन लावला. ताई जेवायला गेल्या होत्या. फोन मी उचलला.

हा संवाद मला शब्दशः आठवतो, कारण नंतर तो मला अनेकांनी ऐकवला आहे.

“मी पेशंटचा मामेसासरा बोलतोय. म्हंजी होनारा. त्यो मेसेज बरोबर हाय का?”

रुग्णाची माहिती फोनवर कोणालाही द्यायची नसते, हा नियम मीच छापून भिंतीवर लावला होता. पण “मेसेज बरोबर आहे का” हा प्रश्न मला रुग्णाबद्दल वाटलाच नाही. तो मला माझ्या प्रोग्रॅमबद्दल वाटला. मी नाव विचारून घातले, नोंद उघडली आणि म्हणालो, “अगदी बरोबर आहे.”

“वयबी?”

“हो, चोवीस.”

“येवढ्या वयात मोतीबिंदू?”

“होऊ शकतो. क्वचित होतो.”

“आन् कवळी?”

इथे माझ्या आत कोणीतरी खाकरले असावे. पण मी म्हणालो, “हे पाहा, आमच्या यंत्रणेने तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या आहेत. माणूस एकच आहे, याची मी खात्री देतो.”

“लई उपकार झालं, सायेब,” मामा म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी भांडगावला निरोप दिला की पुढची बोलणी थांबवा. निरोपातले एक वाक्य पुढे दोन्ही तालुक्यांत फिरले: “डोळ्यात मोतीबिंदू, तोंडात कवळी, आन् माघं उसाच्या दोन ट्रॉल्या! पोरगी द्यायची का हायवे मोकळा करायचा?”

तीन-चार दिवसांनी आबा शस्त्रक्रियेसाठी आले. सोबत जबाबदार व्यक्ती म्हणून आप्पा आणि नातू असे दोघेही होते. नातू खिडकीपाशी आला आणि ताईंना शांतपणे म्हणाला, “माझा मोतीबिंदू काढून द्या. कागदावरचा.”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, आणि मग मला हाक मारली. “सर, तुमचा पेशंट आलाय. तिघं मिळून आलाय.”

मी बाहेर आलो. ओळीत तीन माणसे उभी होती. एकच नाक तीन वयांत. आप्पांनी मला सगळे सांगितले. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. पण ते प्रत्येक वाक्यानंतर “तुमचा बी नाइलाज आसंल” असे म्हणत होते. नातवाने फक्त एवढेच विचारले, “तिच्या घरी कोन सांगनार?”

मी सांगतो, असे म्हणालो. माझ्या तोंडून ते कसे निघाले मला ठाऊक नाही. स्टोअरमध्ये चूक झाली की मी साठ्याचा आकडा दुरुस्त करून मोकळा होत असे. दहा नंबरचा बोल्ट बारा नंबरच्या खणात गेला, तर बोल्टाच्या सासुरवाडीला जावे लागत नाही. नटबोल्टांना नातवंडे नसतात, ही त्या नोकरीतली सर्वांत मोठी सोय होती, आणि ती मला इतक्या वर्षांत जाणवली नव्हती.

आबांचा डोळा बरा झाल्यावर आम्ही जीपने भांडगावला गेलो. आबा काळा चष्मा लावून पुढे बसले होते. अंगणात शेवंतीचे क्रेट रचून ठेवलेले. मामा मुद्दाम दुकान बंद करून आले होते. मुलीच्या वडिलांनी सतरंजी टाकली, चहा आला, आणि मी माझा प्रोग्रॅम समजावून सांगायला सुरुवात केली. अक्षरांमधले अंतर, शब्दांचा क्रम, ताज्या नोंदीचा नियम. मी जमिनीवर काडीने आकृतीही काढली. सगळे अदबीने ऐकत होते. शेवटी मामांनी विचारले, “म्हंजी, सायेब, नाव सारखं दिसलं की मानूस योकच?”

“साधारणपणे.”

“आमच्या दुकानात सोळाच्या साइजचं टायर शंभर पडल्यात. समदी सारखी दिसत्यात. मी त्येंचं योक टायर केलं तर ट्रॅक्टर चालंल का?”

“नाही चालणार.”

“मंग हे तुमाला कुनी शिकवलं?”

“कोणी नाही. मी स्वतःच लिहिले.”

“असं,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल पहिल्यांदाच दया दिसली.

मग त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. जावयाला अंगणाच्या टोकाला उभे केले आणि हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायला सांगितले. त्याने घडाघडा वाचले. मामांनी स्वतः डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, “बरोबर असत्याल.” नंतर दातांचा प्रश्न आला. नातू लाजला, पण आबांनी काळ्या चष्म्याआडून सगळे ओळखले असावे, कारण त्यांनी आपली कवळी काढून सरळ चहाच्या बशीत ठेवली. वाद तिथेच संपला. मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला.

इतका वेळ मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मामा तिला म्हणाले, “बोल, बये. आता तुजं काय म्हननं?”

“मला पसंत हाय,” ती म्हणाली. “पर योक अट हाय.”

मामांनी कप खाली ठेवला.

“ह्येंच्या घरात आता आप्पांच्या नावाची पाळी हाय. पुढं मला मुलगा झाला तर त्याला त्ये नाव ठेवायचं न्हाई. नवं ठेवायचं. न्हाईतर ह्ये सायेब पुन्यांदा त्येच्या तोंडात कवळी बसवत्याल.”

सगळे हसले. मामा सर्वांत मोठ्याने हसले. आबांना ऐकू आले नव्हते, तेही इतरांकडे पाहून हसले. नातू म्हणाला, “चालंल की.” हसले नाहीत ते एकटे आप्पा. त्यांनी आपल्या बशीतला चहा संपवला, बशी उपडी ठेवली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाले, “पोरीचं म्हननं खरं हाय. नवं ठेवा.”

लग्न ठरले आणि माझी सुटका झाली, असे इतर सर्वांना वाटले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये आप्पा माझ्या शेजारी होते. पाटसच्या अलीकडे ते बाहेर पाहत म्हणाले, “आबांचं नाव चाललं. आबांच्या वडलांचं माझ्यात आलं. आता फुडं माझी पाळी हुती.” मग लगेच, जणू मलाच धीर देत, “न्हाई, तुमचा बी नाइलाज आसंल.”

पाण्याच्या पाळीसाठी रात्रभर बांधावर बसावे आणि आपल्या शेतापाशी येताच पाट बंद व्हावा, तसे त्यांचे झाले होते. आणि तो पाट मी बंद केला होता. मी दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या वो.” पण ज्या गोष्टी खरोखर राहून जातात त्यांच्याविषयीच माणसे असे म्हणतात.

मी प्रोग्रॅम बदलला. तिघांचे पुन्हा तीन रुग्ण केले. असे आणखीही कितीतरी संसार मी एकाच नावाखाली कोंबले होते; ते एकेक करून मोकळे करण्यात पावसाळा गेला. आता प्रोग्रॅम स्वतः निर्णय घेत नाही. मिळतेजुळते नाव दिसले की तो पडद्यावर दोन्ही नावे शेजारी मांडतो आणि खाली विचारतो: “हीच व्यक्ती आहे का?” उत्तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारून द्यायचे. शिवाय “घरात काय म्हणतात?” असा एक रकाना मी वाढवला आणि नावे ताडताना तोही धरायला प्रोग्रॅमला शिकवले. माणसे तो फार आनंदाने भरून घेतात. लांबलेली रांग पाहून ताई मला अधूनमधून सुनावतात, “सर, आधी माणसं कमी होत होती तेच बरं होतं.”

लग्नाचे निमंत्रण मला आले होते. पत्रिकेवर माझे नाव चुकीचे छापले होते. मी ते शांतपणे स्वीकारले.

गेल्या हिवाळ्यात त्या घरातली मंडळी पुन्हा खिडकीपाशी आली. सुनेच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाचा मुलगा होता. त्याच्या एका डोळ्यातून सारखे पाणी येत होते. आप्पा सोबत होते, आप्पांच्या पत्नीही होत्या. ताईंना मदत म्हणून मी नोंद घ्यायला बसलो होतो. सुनेने मुलाचे नाव सांगितले. छोटे, नवे, त्या घराण्यात कोणाचेही नसलेले नाव. मी ते घातले. मिळतेजुळते कोणीही सापडले नाही. मला हायसे वाटले आणि त्याच वेळी आप्पांकडे पाहायचे धाडस होईना.

तेवढ्यात मुलगा कडेवरून उतरला आणि बाकाखालच्या कोणाच्या तरी चपला ओढू लागला. सुनेने वळून त्याला हाक मारली. तिने खणखणीत आवाजात आप्पांचे नाव घेतले.

मुलगा थांबला. पलीकडे आप्पा “ओ” म्हणाले.

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिले. “कागदावर नको म्हनलं हुतं मी,” ती म्हणाली. “घरात हाक मारायला काय जातंय? सायेबांचं मशीन काय घरात येत न्हाई.”

“अहो, पण सासऱ्यांचे नाव...”

“त्येंनीच सांगितलंय. मी नाव घेतलं न्हाई तर जेवत न्हाईत.”

आता सारी अडचण आप्पांच्या पत्नीची झाली होती. नवऱ्याचे नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतले नव्हते. त्या पुढे झाल्या, नातवाच्या हातातली चप्पल सोडवली आणि चार-सहा दात आलेल्या त्या पोराला अत्यंत मर्यादेने म्हणाल्या, “अवो, ठिवा की ती. लोकाची हाय.”

रांगेतले लोक हसू लागले. मी पुन्हा पडद्याकडे वळलो. “घरात काय म्हणतात?” हा रकाना रिकामा होता. मी सुनेला विचारून तो भरला. बटण दाबताच यंत्राने आपले काम केले. डाव्या बाजूला या छोट्याची नोंद आली, उजव्या बाजूला आप्पांची, आणि खाली प्रश्न उमटला: “हीच व्यक्ती आहे का?”

नियम असा की विचारायचे. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि विचारले, “आप्पा, मशीन म्हणतंय, हे तुम्हीच का?”

आप्पांनी वाचायचा चष्मा खिशातून काढला, लावला, आणि दोन्ही बाजू बोट ठेवून वाचल्या. पुन्हा एकदा वाचल्या.

“न्हाई म्हनायचं आसतंय ना?” त्यांनी हळू आवाजात विचारले.

“हो. ‘नाही’ दाबले की दोन वेगळे होतील.”

“दाबा मग.” माझे बोट पुढे गेले तसे ते म्हणाले, “जरा थांबा. येवढं त्याला दाखवतो.”

त्यांनी नातवाला उचलून खिडकीशी धरले. मागून कोणीतरी ओरडले, “अहो, रांग हाय हितं!” ताईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. मी बोट तसेच अधांतरी धरून बसलो. मुलाला पडद्यावरचे काही दिसत नव्हते. तो आजोबांच्या चष्म्याची काडी ओढत होता.